आकडा गुन्ह्यांचा की नोंदींचा?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून एक तक्ता छापून येतो. कोणत्या देशात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला बलात्काराचे किती गुन्हे नोंदले गेले, याचा तो तक्ता. २०१० सालचे आकडे पाहिले तर स्वीडनपुढे ६३ च्या आसपासचा आकडा दिसतो आणि भारतापुढे २ हूनही थोडा कमी. म्हणजे स्वीडनमधली स्त्री भारतातल्या स्त्रीपेक्षा तीसपट असुरक्षित आहे काय?

हा तक्ता वर्गात दाखवला तर दोन उत्तरे हमखास येतात. एक, ‘तिकडची संस्कृतीच तशी.’ दुसरे, ‘आपल्याकडे कोणी तक्रारच करत नाही.’ पहिल्या उत्तराला हा तक्ता आधार देत नाही. दुसरे बरोबर आहे, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे समजून घेण्यासाठी आधी मोजमापाकडे पाहू.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. एका तालुक्यात थुंकी तपासण्याची उत्तम सोय आहे, शेजारच्या तालुक्यात नाही. वर्षाअखेर पहिल्या तालुक्यात रुग्ण जास्त ‘सापडतील’. म्हणून तिथे रोग जास्त आहे असे आपण म्हणत नाही. रोग किती आहे आणि रोग किती सापडला, या दोन वेगळ्या राशी आहेत. गुन्ह्यांचेही तसेच आहे. घडलेली घटना सरकारी तक्त्यात पोहोचेपर्यंत तिला चार चाळण्यांतून जावे लागते आणि प्रत्येक देशाच्या चाळणीची भोके वेगवेगळ्या आकाराची असतात.

पहिली चाळणी : कायदा

कायदा ज्याला बलात्कार म्हणत नाही, तो बलात्कार म्हणून मोजला जाणार नाही. स्वीडनने पतीने पत्नीवर केलेला बलात्कार १९६५ सालीच गुन्हा ठरवला. झोपेत, नशेत किंवा असहाय अवस्थेत असलेल्या व्यक्तीचा गैरफायदा घेणे हेही २००५ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या व्याख्येत आले. १ जुलै २०१८ पासून तर बळाचा वापर झाला की नाही यापेक्षा संमती होती की नाही, हाच तिथे मुख्य प्रश्न आहे.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतली व्याख्या पुष्कळच अरुंद होती. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ मध्ये व्याख्या रुंदावली. संमतीचे वयही १६ वरून १८ झाले. मात्र १८ वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला दिलेली सूट तेव्हाही राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. म्हणजे स्वीडनच्या आकड्यात जमा होणारा घटनांचा एक मोठा गट आपल्या आकड्यात येऊच शकत नाही.

व्याख्या बदलली की आकडा किती बदलतो, याचा पुरावा अमेरिकेत मिळतो. तिथली केंद्रीय तपास संस्था १९२७ पासून एकच जुनी व्याख्या वापरत होती. तीत बळजबरीची अट होती आणि फक्त स्त्रियाच मोजल्या जात. २०१३ पासून नवी, व्यापक व्याख्या आली. त्या वर्षीचे गुन्हे दोन्ही व्याख्यांनी मोजले गेले. जुन्या व्याख्येने अंदाजे ८० हजार, नव्या व्याख्येने अंदाजे १ लाख १४ हजार. देश तोच, वर्ष तेच, घटना त्याच, आकडा मात्र ४० टक्क्यांहून अधिक मोठा!

दुसरी चाळणी : सांगणे

खून झाला तर प्रेत मागे उरते. त्यामुळे खुनांच्या आकड्यांची तुलना बरीचशी भरवशाची असते. लैंगिक अत्याचाराची खबर मात्र बहुधा पीडित व्यक्तीनेच द्यायची असते. तिला बदनामीची भीती असते, लग्नाची चिंता असते, घरच्यांचा दबाव असतो. शिवाय आरोपी बहुतेक वेळा परका नसतो. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत तो ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. फिर्याद करायची म्हणजे अनेकदा ज्यांच्या आधाराने जगायचे त्यांच्याविरुद्धच उभे राहायचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा माहेरची माणसे. पोलिसांपर्यंत जाणाऱ्या त्याहूनही थोड्या. श्रीमंत देशांतही हे मौन आहेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेल्या पाहण्यांतून असे दिसले, की बलात्कार सोसलेल्या सहा स्त्रियांपैकी एकही धड पोलिसांपर्यंत जात नाही.

तिसरी चाळणी : पोलीस ठाणे

तक्रार सांगितली म्हणजे ती नोंदली गेलीच, असे नाही. इंग्लंडमध्ये पोलिसांच्या कामाची तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये दाखवून दिले, की पोलिसांना कळवलेल्या लैंगिक गुन्ह्यांपैकी २६ टक्के गुन्हे नोंदलेच गेले नव्हते. त्यानंतर नोंदणी सुधारली आणि पुढे येणाऱ्या स्त्रियाही वाढल्या. तिथल्या पोलिसांनी २०१२-१३ मध्ये बलात्काराचे सुमारे १६ हजार गुन्हे नोंदले होते, २०२१-२२ मध्ये सुमारे ७० हजार. नऊ वर्षांत गुन्हेगारी चौपट झाली, असा याचा अर्थ लावता येत नाही.

पोलीस ठाण्याविषयीचा अविश्वास आपल्याकडेही जुना आहे. महाराष्ट्रात १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे प्रकरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर अशी तक्रार नोंदवून न घेणे हाच पोलिसांसाठी गुन्हा ठरवला. आपल्याकडे २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले होते, २०१३ मध्ये ३३,७०७. या वाढीत रुंदावलेली व्याख्या, नोंदणीची सक्ती आणि स्त्रियांना आलेले बळ या सर्वांचा वाटा आहे.

चौथी चाळणी : मोजण्याची रीत

समजा, एका स्त्रीने तक्रार केली, की तिच्या जोडीदाराने वर्षभरात तिच्यावर पन्नास वेळा बलात्कार केला. स्वीडनमध्ये हे पन्नास गुन्हे धरले जातात. अनेक देशांत हे एकच प्रकरण होते. स्वीडन तक्रार येताच आकडा धरतो, मग पुढे तपासात काहीही निघो. जर्मनीत पोलिसांचा तपास संपल्यावर मोजणी होते. स्वीडनचे आकडे जर्मनीच्या कायद्याने आणि रीतीने पुन्हा मोजून पाहिले, तेव्हा स्वीडनचा दर पुष्कळच खाली आला.

भारतात ‘मुख्य गुन्ह्याचा’ नियम आहे. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजायचा. त्यामुळे बलात्कार करून खून केला असेल तर ते प्रकरण बलात्काराच्या रकान्यात येत नाही. २०२२ चा आपला आकडा ३१,५१६ आहे. त्यात १८ वर्षांखालील मुलींवरचे बहुतेक गुन्हे नाहीत, कारण ते बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखाली, म्हणजे पॉक्सोखाली, वेगळ्या रकान्यात दाखवले जातात.

एक गणित

हे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे. आकडे काल्पनिक आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन गावांची लोकसंख्या प्रत्येकी एक लाख. दोन्हीकडे वर्षात अत्याचाराच्या १०० घटना घडल्या. ‘अ’चा कायदा त्यांतल्या ८० घटनांना गुन्हा मानतो, निम्म्या स्त्रिया तक्रार करतात आणि सर्व तक्रारी नोंदल्या जातात. आकडा झाला ४०. ‘ब’चा कायदा ५० घटनांनाच गुन्हा मानतो, दहांतली एक स्त्री तक्रार करते आणि पाचांतल्या चार तक्रारी नोंदल्या जातात. आकडा झाला ४. घटना सारख्या असूनही दर दहापट! चाळण्यांचा परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने होतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

मग खरे कसे कळणार?

त्यासाठी पोलिसांच्या दप्तराबाहेर जाऊन, नमुना निवडून, स्त्रियांनाच एकांतात विचारावे लागते. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतल्या ४२ हजार स्त्रियांना एकसारखे प्रश्न विचारून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, स्वीडनमध्ये ४६ टक्के, तर पोलंडमध्ये १९ टक्के स्त्रियांनी सांगितले. येथे कायद्याची, ठाण्याची आणि मोजणीची चाळणी निघून गेली. सांगण्याची मात्र राहिलीच. जिथे या विषयावर उघड बोलले जाते तिथे स्त्री अनोळखी पाहणीकर्त्यापुढेही बोलते. म्हणून या आकड्यांवरूनही देशांची क्रमवारी लावणे धोक्याचे आहे.

याचा अर्थ सर्व देश सारखेच सुरक्षित आहेत असा नाही, की मोठा आकडा नेहमी चांगलाच असाही नाही. खरा फरक असू शकतो. पण तो केवळ नोंदलेल्या दरावरून कळत नाही. एकाच देशाचा, कायदा आणि मोजणीची रीत न बदललेल्या काळातला चढउतार पाहिला, जोडीला पाहणीचे निष्कर्ष ठेवले, तर काही बोलता येते.

ही चर्चा केवळ संख्याशास्त्राची नाही. नोंदलेला आकडा खाली आणणे हीच जर अधिकाऱ्याच्या यशाची खूण मानली, तर त्याला सर्वांत सोपा मार्ग उरतो, तो म्हणजे तक्रार न घेणे. मग आकडा सुधारतो आणि मुलगी एकटी पडते.

शाळेलाही हेच लागू आहे. ‘आमच्याकडे आजवर अशी एकही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा विचारावे : तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना माहीत आहे का? पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा घटनेची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षकही त्यात आले. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. तो लिहिल्यावर एखादे मूल बोलायला पुढे आले, तर शाळेचा शून्याचा आकडा एकने वाढेल. ती वाढ म्हणजे शाळा बिघडल्याची खूण नव्हे. त्या मुलाला कोणाचा तरी विश्वास वाटला, एवढाच तिचा अर्थ.