महाबळेश्वरची गुहा आणि ओठावरचा फोड

मार्च २०२०. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या एका गुहेपाशी बारीक जाळी लावून वटवाघळं धरली आणि त्यांच्या रक्ताचे, घशाचे नमुने घेतले. पुढच्या वर्षी निष्कर्ष छापून आले. फळं खाणाऱ्या ‘रुसेटस’ जातीच्या ३३ आणि चिमुकल्या, किडे खाणाऱ्या ‘पिपिस्ट्रेलस’ जातीच्या एका वटवाघळाच्या रक्तात निपाह या विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली होती. महाराष्ट्रात हे पहिल्यांदाच दिसलं. माणसाला निपाह झाल्याची नोंद मात्र तोवर राज्यात नव्हती, त्यामुळे स्ट्रॉबेरीवर राग काढायचं कारण नाही.

निपाह मेंदूत शिरतो. २०१८मध्ये केरळातल्या कोझिकोडला त्याच्या साथीने काय केलं ते आपण वाचलंच आहे. पक्का सिद्ध झालेला उपाय त्यावर अजून नाही. आपल्याकडचा जपानी मेंदूज्वर घ्या किंवा १९६५मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून नाव मिळालेला चांदीपुरा विषाणू घ्या, त्यांच्यावरही नेमकं औषध नाही.

आणि तरीही ताप, झटके, बरळणं अशा अवस्थेत रुग्ण आला की डॉक्टर कुठलाही रिपोर्ट येण्याआधी एक औषध शिरेतून सुरू करतात: असायक्लोव्हिर. वरच्या तिन्ही विषाणूंना त्याने काडीचाही फरक पडत नाही. पण मेंदूला सूज आणणाऱ्या या टोळीत ज्याला औषधाने खरोखर अडवता येतं असा एक विषाणू आहे. तो निसटू नये म्हणून ही घाई.

तो म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड उठतात, त्यांचा कर्ता. जगातल्या पन्नाशीखालच्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या शरीरात तो मुक्कामाला असतो, चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, जन्मभर. कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला. तो कण्यालगतच्या गाठींत दडतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही आपल्याकडची जुनी भीती. सहसा ते मिळतच नाही, कारण नागीण ज्या मज्जातंतूवर उठते तो शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो!

इतक्या जणांत राहूनही हर्पिस सिम्प्लेक्स मेंदूवर क्वचित चाल करतो. दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांवर. केली की मात्र बहुधा कानशिलाच्या आतला भाग पकडतो. तिथे स्मरण आहे, भाषा आहे, वासाची जाण आहे. म्हणून रुग्णाला नसलेले वास येतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, शांत माणूस अंगावर धावून जातो. बाहेरची बाधा म्हणून देवऋषी गाठला जातो तो अशाच वेळी. औषध नव्हतं तेव्हा शंभरातले सत्तर दगावत. असायक्लोव्हिरने तो आकडा वीस-तीसवर आला.

हे औषध स्वतः जवळजवळ निष्क्रिय असतं. निरोगी पेशीत गेलं तरी फारसं काही घडत नाही. ते जागं होतं फक्त विषाणूने बळकावलेल्या पेशीत, कारण त्याला चेतवणारं पहिलं विकर खुद्द विषाणूच बनवतो. पुढे विषाणू आपल्या जनुकांची प्रत काढताना फसतो आणि हा नकली तुकडा साखळीत जोडतो. मागे हूक नसलेला डबा गाडीला लागावा तसं होतं. त्यापुढे डबा जोडताच येत नाही. ही करामत ज्यांच्या प्रयोगशाळेत उलगडली त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल मिळालं. पीएच.डी. त्यांनी कधी केलीच नव्हती.

मग निपाहवर असं औषध का नाही? हर्पिस हा विषाणूंतला सावकार आहे: सुमारे १,५२,००० अक्षरांचा जनुकसंच, सत्तरहून अधिक जनुकं, स्वतःची विकरं. प्रत्येक विकर म्हणजे औषधाला धरायला एक जागा. निपाह फाटका. सुमारे १८,००० अक्षरं, सहा जनुकं, बाकी सगळं आपल्याच पेशीकडून उसनं. असायक्लोव्हिरला चेतवणारं विकर त्याच्याकडे नाहीच. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत चकित करणारी गोष्ट ही: ज्याच्याकडे भरपूर आहे तोच सापडतो. निपाहचं प्रत काढणारं यंत्र तेवढं त्याचं स्वतःचं; त्यावर नेम धरणाऱ्या रेमडेसिव्हिरने निपाहची लागण केलेली माकडं वाचली, हे २०१९मध्ये दिसलं. माणसांतला पुरावा अजून मिळायचा आहे.

हर्पिसच्या बाबतीत पाठीतल्या पाण्याच्या पीसीआर तपासणीने निदान होतं आणि औषध दर आठ तासांनी, दोन ते तीन आठवडे, शिरेतूनच द्यावं लागतं. गोळ्यांवर भागत नाही. उशिराने सुरू केलं तर जीव वाचला तरी आठवणी जाऊ शकतात. तेव्हा तापात कुणी असंबद्ध बोलू लागलं, झटका आला, तर सकाळची वाट पाहू नका. महाबळेश्वरात असाल तर पसरणीचा घाट उतरून वाई गाठा किंवा केळघरचा उतरून सातारा, पण त्याच रात्री निघा.