अवर्षणाच्या मुलखातील भूमिवासी

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या आणि ज्याच्या महसुली दप्तरांत दुष्काळाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्या धाराशिव जिल्ह्यात बेडकाने वस्ती करावी, हे प्रथमदर्शनी असंभाव्य वाटते. ज्या प्राण्याची त्वचा हे श्वसनाचेही आणि जलशोषणाचेही इंद्रिय, त्याला वैशाखातले ऊन प्राणघातकच ठरावे. तथापि दख्खनच्या माळांवर आणि शुष्क पानझडी रानांत राहणाऱ्या स्फेरोथेका या प्रजातीच्या बेडकांनी या संकटातून मार्ग काढला आहे, आणि तो मार्ग जमिनीच्या पोटातून जातो.

जेमतेम दोन इंच लांबीचा, गोल अंगाचा, आखूड तोंडाचा आणि मातकट रंगाचा हा जीव दिसायला सामान्य. परंतु त्याच्या मागच्या प्रत्येक पायाच्या तळव्याशी, आतल्या अंगाला, फावड्याच्या पात्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. भुसभुशीत जमिनीवर बसल्या बसल्या तो मागचे पाय आळीपाळीने बाहेर ढकलतो, माती दोन्ही बाजूंस सारतो आणि अंगाला हलके हेलकावे देत पाठमोरा खाली उतरतो. अखेरीस केवळ डोळे आणि नाकपुड्या उरतात, आणि मग त्यांवरही माती येते. खालच्या ओलसर थरात त्याच्या देहाचे व्यापार मंदावतात, अन्नाची गरज जवळजवळ संपते, आणि मातीतला ओलावा त्वचेवाटे शोषून तो पावसाची वाट पाहतो.

मिरगाच्या सरींनी जमीन भिजली, की हा वर येतो. रात्री साचलेल्या उथळ डबक्याच्या काठी नर गळा फुगवून माद्यांना साद घालतात. पाण्यात अंडी पडतात, आणि डबके आटण्यापूर्वीच बेडूकमाशाने चार पायांचे होऊन जमिनीवर यावे, ही निसर्गाची मुदत असते. मोठे बेडूक मुंग्या, वाळवी, भुंगेरे खाऊन पुढील प्रतीक्षेची शिदोरी अंगात साठवतात. पाऊस ओढ देतो तेव्हा लिंबाचा पाला अंगाला बांधून धोंडी मागत फिरणाऱ्या मुलांबरोबर बेडूकही मिरवण्याची चाल आपल्या खेड्यांत होती. त्या श्रद्धेच्या मुळाशी पाऊस आणि बेडूक यांच्या या संबंधाचे जुने निरीक्षण असावे.

या प्रजातीतील एका जातीचे वर्णन श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ सालीच केले. परंतु २०१७ सालीदेखील आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातून ‘स्फेरोथेका पश्चिमा’ या नावाने आणखी एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या माळाला आपण सरसकट पडीक म्हणतो, त्याच्या अभ्यासाला किती वाव आहे, हे यावरून ध्यानी यावे.

जिल्ह्यात येडशी-रामलिंग घाटाचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले, ही समाधानाची बाब होय. परंतु बेडकाचे जीवन अभयारण्याच्या हद्दीवर थांबत नाही. ते बांधावर, गायरानात आणि पावसाळी डबक्यांत पसरलेले असते, आणि नेमक्या याच जागा मुरूम टाकून बुजवल्या जातात वा तणनाशकांनी माखतात. शेतकऱ्याला उपद्रवी असलेले कीटक जो विनावेतन टिपतो, त्याच्यासाठी मिरगापासून काही आठवडे शिवारातले एखादे उथळ डबके बुजवू नये, त्याच्या काठावर औषध फवारू नये, एवढे प्रत्येक गावाने मनावर घ्यावे.