शेगडी, बंब आणि पॅनेल-तापन

भाईंदरच्या केबिन रोडवर सागरसान्निध्यामुळे थंडी सौम्य असते. तेथे तापवावे लागते ते स्नानाचे पाणी, घर नव्हे. साहजिकच ‘पॅनेल-तापना’साठी मराठीत रूढ शब्द नाही. ‘शेगडी’ हा शब्द सुचतो. परंतु शेगडीचा विस्तव खोलीतच असतो. पॅनेल-तापनात कोळसा, तेल किंवा वायू हे इंधन अन्यत्र जळते. सुमारे ४० अंश सेल्सिअसचे पाणी फरशीखालील नळ्यांतून फिरते आणि फरशीच उष्णता प्रारित करते. याला जवळचा शब्द ‘बंब’ होय. तांब्याच्या बंबात विस्तव मधल्या नळीत व पाणी तिच्याभोवती असते. उष्णता वाहून नेते ते पाणीच. गीझरमुळे बंब मागे पडला. त्याचा हा अर्थही लोपला, तर नव्या संज्ञेचा देशी आधार नाहीसा होईल.