पट्ट्यावरची मिनिटं

बडोद्याजवळच्या पादरा गावात कुणी छातीत दुखतंय म्हणालं की आधी ईसीजी होतो, मग ‘बडोद्याला जाऊन टीएमटी करून या’ असा सल्ला मिळतो. टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, फिरत्या पट्ट्यावर चालताना काढलेला ईसीजी. हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने, १० टक्के चढावर सुरू होतो. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद असेल, तर ईसीजीच्या आलेखातला ‘एसटी’ नावाचा भाग १ मिलिमीटर किंवा अधिक खाली उतरू शकतो.

रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरचे हबकतात, आणि घोटाळा तिथेच होतो. चढावर छाती भरून येणारा साठीतला मधुमेही गृहस्थ आणि तिशीतली धडधाकट बाई, दोघांचा आलेख सारखाच उतरला तरी अर्थ वेगळा. त्याच्याबाबत संशय बळावतो, अँजिओग्राफीचा विचार होतो. तिच्याबाबत तो बहुधा खोटा इशारा असतो. उलट, त्या गृहस्थाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर निर्धास्त होत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती चाललेली मिनिटं. या चाचणीवरून धोका मोजणाऱ्या ड्यूक स्कोअरमध्ये त्यांतून एसटीच्या उताराच्या मिलिमीटरांची पाचपट वजा करतात. छातीत दुखलं तर आणखी ४, त्यामुळे थांबावं लागलं तर ४ ऐवजी ८. काहीही न होता ९ मिनिटं चाललात, तर स्कोअर ९. पाच किंवा जास्त म्हणजे धोका कमी.