पाठीवरचं पाणी

खान्देशातल्या बाईला पाण्याचं मोल कुणी शिकवायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की दहा वाजल्यानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पूर्वी बैलगाडीला, जीपला बाहेरून लटकवलेली कॅनव्हासची ओली छागळ असायची. पाणी कापडातून झिरपायचं, वाऱ्यावर वाळायचं आणि आतलं पाणी गारेगार व्हायचं. फ्रिजच्या पाण्याला ती चव नाहीच!

आता आमच्या ग्रुपमधल्या बायकांच्या पाठीवर छागळीची एक नवी बहीण आली आहे. हायड्रेशन बॅग. पाठीवरच्या सॅकमध्ये प्लॅस्टिकची मऊ पिशवी, तिला 'ब्लॅडर' म्हणतात. तिच्यातून निघालेली नळी खांद्यावरून थेट तोंडाशी येते. नळीचं टोक दातात दाबून ओढलं की पाणी. लळिंगच्या पायथ्याशी एका आजीबाईंनी आमच्याकडे बघून विचारलंच, "पाठवर काय बांधेल शे वं माय?" पाणी आहे म्हटल्यावर त्यांनी नळी दोनदा हातात धरून पाहिली.

गंमत म्हणजे या पिशवीचा जन्मही उन्हातलाच. अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स गावी ऐन ऑगस्टच्या तापात शंभर मैलांची सायकल राइड होते. नावच 'हॉटर एन हेल हंड्रेड', म्हणजे नरकाहून तापट! १९८० च्या दशकाच्या शेवटी मायकेल आयडसन नावाचा सायकलस्वार तिच्यात उतरला. तो तातडीच्या वैद्यकीय सेवेत काम करणारा. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला अडकवली, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केली. त्यातूनच पुढे 'कॅमलबॅक' कंपनी उभी राहिली.

सायकलवर या नळीचा उपयोग लगेच कळतो. मेहरूण तलावाला किंवा धुळ्याच्या नकाणे तलावाकडे सकाळी चक्कर मारायची असेल तर साधी बाटली पुरे, उगाच खर्च करू नका. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या मनुदेवीसारख्या वाटेला, दगडगोट्यांवर हँडल उडत असताना, एक हात सोडून खालची बाटली काढायची म्हणजे कसरत. शिवाय चाकांनी उडवलेली धूळ, चिखल आणि शेण बाटलीच्या तोंडावर बसतं ते वेगळंच. लळिंगसारख्या उघड्याबोडक्या गडावर वेगळा प्रश्न. गडावर पाण्याची टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिण्याच्या भरवशाचं नाही. लागेल ते सगळं खालूनच न्यायचं.

पण खरं सांगू का? बायका डोंगरात कमी पाणी पितात ते ओझ्यामुळे नाही. 'जायचं कुठे?' म्हणून. आदल्या रात्रीपासूनच घोट मोजायला सुरुवात होते. सकाळचा चहा अर्धा कप. वाटेत कुणी पाणी पुढे केलं की, "नको गं, आत्ताच प्यायले." मग दुपारी डोकं ठणकतं, पायात गोळे येतात, घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. उन्हात अशी कोरडी राहिलेली बाई कधी चक्कर येऊन पडेल सांगता येत नाही. कितीही महागडी बॅग पाठीवर घ्या, मनात ही धास्ती असेल तर ती भरलेलीच घरी परत येते.

म्हणून बॅग बघताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघते, जी दुकानदार कधीच दाखवत नाही. पाण्याच्या पिशवीपासून वेगळा, कोरडा, चेनचा कप्पा आहे का? त्यात एक जुनी ओढणी आडोशाला, कागद, सॅनिटरी नॅपकिन आणि वापरलेलं सगळं परत आणायला झिपची पिशवी. आमच्याकडे निघतानाच ठरतं की दर दीड तासाने थांबायचं. दोघी ओढणी धरतात, बाकीच्या पुढे जातात. लाजायचं काय त्यात? पाणी पुरतंय की नाही हे बघायलाही तीच जागा. लघवी फिकट पिवळी तर ठीक, गडद झाली की थांबा, सावलीत बसा, पाणी प्या.

दुसरी गोष्ट मापाची. 'लेडीज' म्हणजे गुलाबी रंग नव्हे! मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे टोकदार हाड लागतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतची लांबी टेपने मोजून घ्या. पुरुषी मापाची लांब बॅग असली की तिचा पट्टा कमरेऐवजी मांड्यांवर येतो आणि सगळं वजन खांद्यांना लटकतं. छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकणारा हवा, नाहीतर तो नेमका नको तिथे आवळतो. सायकलसाठी बॅग अरुंद आणि आखूड बघा, वर बघताना हेल्मेट तिच्यावर आपटायला नको. दुकानात रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते. लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आत टाका, वाका, जिना चढून या, मग बोला. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू दे.

पाणी किती? एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. बेताच्या हवेत चढताना तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. पाटणादेवीहून पितळखोऱ्याकडे पायी जायचं किंवा अख्खा दिवस डोंगरात काढायचा तर तीन लिटरची पिशवी, दोन-तीन तासांच्या सायकलला दोनची. आत किती उरलं हे बाहेरून दिसत नाही, हा या बॅगचा मोठा दोष. म्हणून अर्धा लिटरची एक साधी बाटली वेगळी ठेवतेच. लिंबू-साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस त्या बाटलीत, कारण घाम गाळल्यावर नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. पिशवीत मात्र साधं पाणीच. गोड काही घातलं की नळीत बुरशीचे काळे ठिपके आलेच म्हणून समजा.

महागाची बॅग परवडत नसेल तर नुसतं ब्लॅडर विकत मिळतं. माझ्या धुळ्याच्या मावसबहिणीने ते लेकीच्या जुन्या शाळेच्या बॅगेत आतून हुकाला टांगलं आणि चेनच्या फटीतून नळी बाहेर काढली. झकास चालतं. फक्त तोंड रुंद असलेलं घ्या, आत हात गेला पाहिजे. आणि नळीच्या टोकाला बंद करायची कळ हवी, नाहीतर एसटीत सॅक मांडीवर घेतली की ओली मांडी!

छागळीसारखं हे पाणी आपोआप गार होत नाही, उलट नळीतलं पाणी उन्हात चहासारखं तापतं. पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारून पाणी मागे पिशवीत ढकलायचं, म्हणजे पुढचा घोट गरम येत नाही. पिशवी अर्धी भरून रात्री आडवी फ्रीझरमध्ये ठेवायची, सकाळी वर पाणी भरायचं. उकळतं पाणी मात्र तिला चालत नाही.

घरी आल्यावर कितीही दमलेल्या असा, पिशवी त्याच दिवशी धुवायची. खायच्या सोड्याचं कोमट पाणी अर्धा तास भरून ठेवायचं, नळीत बारीक ब्रश फिरवायचा. मग आत लाकडी उलथणं आडवं घालून, दोन्ही बाजू चिकटणार नाहीत अशी, सावलीत दोरीला उलटी टांगायची. आमच्याकडची कोरडी हवा निदान इथे तरी कामाला येते, संध्याकाळपर्यंत पिशवी खडखडीत वाळते.