दम लागतो म्हणजे किती?

तीस मीटरचा सरळ, सपाट व्हरांडा. दोन्ही टोकांना एकेक शंकू, जमिनीवर दर तीन मीटरला खूण, रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर आणि तपासणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच. सहा मिनिटं आपल्या चालीनं, पण जमेल तेवढं जास्त अंतर चालायचं. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायची मुभा आहे. घड्याळ मात्र थांबत नाही. दर मिनिटाला तपासणाऱ्यानं काय बोलायचं तेही ठरलेलं असतं: छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत. याहून जास्त बोलायचं नाही, कारण हुरूप वाढवला की अंतरही वाढतं. शेवटी मीटर मोजायचे आणि सूत्रात घालायचे. जगभर वापरलं जाणारं एक सूत्र 1998 साली प्रसिद्ध झालं. पंचावन्न वर्षांचा, 165 सेंटीमीटर उंचीचा, 62 किलो वजनाचा पुरुष घेतला तर त्यानं सुमारे 555 मीटर चालायला हवं, असं ते सूत्र सांगतं. वैजापूरकडचा असा एखादा माणूस 440 मीटर चालला तर कागदावर 79 टक्के पडतात. पण हे 555 आले कुठून? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरातल्या 40 ते 80 वयाच्या 290 निरोगी स्त्री-पुरुषांच्या चालण्यातून. वैजापूरच्या माणसाची फुप्फुसं कमी पडली, गुडघे कमी पडले, की व्हरांड्यात घड्याळ लावून भरभर चालायची सवयच नसल्यामुळे अंतर कमी आलं, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

रुग्णाचं शरीर काम करताना कसं वागतं आणि माणूस हालचाल नेमकी कशी करतो, या दोन प्रश्नांचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे चिकित्सक शरीरक्रियाशास्त्र आणि मानवी हालचालींचं विज्ञान. नाव लांबलचक आहे, पण मागणी साधी आहे: माणूस पलंगावर निजलेला असताना नव्हे, तर चालताना, उचलताना, चढताना, धापा टाकताना तपासा. या विद्येला मराठवाड्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही आणि छत्रपती संभाजीनगरात तिचं जवळजवळ सगळं सामान आधीपासून पडून आहे, असं माझं म्हणणं आहे. सामान वेगवेगळ्या घरांत आहे, एवढीच अडचण. आणि ते एकत्र आणायचं निमित्त यंत्रखरेदीचं नसावं, इथल्या माणसांच्या मोजमापाचं असावं.

आता ही घरं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्या मराठवाड्याची 'घाटी', 1956 सालचं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1958 मध्ये, मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं; आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं ओळखलं जातं. तिथे शारीरिक शिक्षणाचा विभाग आहे आणि त्याच परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, आपल्या बोलण्यातलं 'साई'चं, केंद्र आहे. महात्मा गांधी मिशनचं वैद्यकीय महाविद्यालय आणि फिजिओथेरपीची शाखा शहरातच आहे. म्हणजे शरीरक्रियाशास्त्रात तीन वर्षांची एमडी करणारा एकीकडे, फिजिओथेरपीत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेणारा दुसरीकडे, एमपीएड करणारा तिसरीकडे आणि खेळाडू घडवणारा प्रशिक्षक चौथीकडे. सगळे एकाच हृदयाचे ठोके मोजतात, पण एकमेकांच्या वह्या उघडत नाहीत. त्यात एमडीची गत अवघड. शरीरक्रियाशास्त्र हा वैद्यकाचा पाया असं पहिल्या वर्षी सांगितलं जातं आणि पुढे हुशार विद्यार्थी त्या जागेकडे वळूनही पाहत नाहीत. देशभर या जागा रिकाम्या राहतात. पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांनी काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर बेडकाच्या पोटरीचा आलेख काढला. बेडूक गेले आणि त्यांच्या जागी संगणकाच्या पडद्यावरचा बेडूक आला. त्या जागी माणूस यायला हवा होता.

मोजमाप इथलंच का हवं, याचं उत्तर पुण्याच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोन शास्त्रज्ञांनी आपलाच फोटो छापला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. क्ष-किरणांनी चरबी मोजली तेव्हा युडकिनांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बाहेरून सारख्याच सडपातळ दिसणाऱ्या दोन माणसांत चरबी दुपटीहून जास्त वेगळी. वजनकाट्याची ही कथा असेल, तर फुप्फुसाच्या क्षमतेची, स्नायूंच्या ताकदीची, सहा मिनिटांच्या चालीची वेगळी असेल असं का समजायचं? परदेशी आकड्यांना ठरावीक टक्के कापून भारतीय करून घेण्याची रीत फुप्फुसांच्या तपासणीत वर्षानुवर्षं चालली. उसन्या सदऱ्याच्या बाह्या कापल्या म्हणून खांदे बसत नाहीत.

आकड्यांच्याही आधी शब्द येतात. व्यायामाचा ताण किती वाटतो हे विचारायला स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी सहा ते वीस अंकांची पट्टी केली. अंकाला दहानं गुणलं की निरोगी तरुणाच्या नाडीच्या ठोक्यांचा अंदाज यावा, अशी तिची बांधणी. ही पट्टी घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या माणसापुढे धरली, तर तो अंक सांगत नाही, बोलतो. कुणाला 'दम लागतो', कुणाला 'दम भरतो', कुणाला 'धाप लागते'. कुणाची 'छाती भरून येते', कुणाचा 'जीव घाबरा होतो', तर कुणाच्या फक्त 'पायांत गोळे येतात'. शहरातला दखनी बोलणारा रुग्ण आणखी वेगळं सांगतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. छाती भरून येणं हृदयाकडे बोट दाखवू शकतं, पायांत गोळे येणं रक्तवाहिन्यांकडे किंवा नुसत्या न वापरलेल्या स्नायूंकडे, आणि जीव घाबरा होणं भीतीकडेही. कोणता शब्द कोणत्या मोजमापाशी जुळतो, हा पदव्युत्तर प्रबंधाचा खणखणीत विषय आहे. त्याला लागते ती मराठी नीट ऐकणारी माणसं.

यावर फिजिओथेरपीवाले म्हणतील, हे तर आम्ही करतोच. ते करतात, आणि बऱ्याच अंशी तेच करतात, हे कबूल केलं पाहिजे. याच महात्मा गांधी मिशननं, जे 1982 साली नांदेडात स्थापन झालं, नवी मुंबईत कामोठ्याला मानवी हालचालींच्या विज्ञानाचं केंद्र उभं केलं. त्यात शरीरावर चकाकते ठिपके चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी सांध्यांची हालचाल टिपतात, पायाखालच्या पट्ट्या जमिनीवरचा भार मोजतात. तिथे सूर्यनमस्कार आणि उकिडवं बसणं या विषयांवर काम झालं, ही फार महत्त्वाची गोष्ट. सपाटीवर चालायला गुडघा साठ-सत्तर अंशांत वाकला तरी भागतं. उकिडवं बसायला एकशेतीसच्या वर जावं लागतं. ज्या समाजात खुरपणी, भाकरी थापणं, शौच, पंगत सगळं जमिनीशी चालतं, तिथे नुसती चाल सुधारली म्हणून रुग्ण बरा झाला असं म्हणता येत नाही. 1968 साली घडलेल्या जयपूर फुटचं मोठेपण यातच होतं: मांडी घालता येईल, उकिडवं बसता येईल, अनवाणी वावरता येईल, असा तो पाय. पण फिजिओथेरपीचा कल उपचाराकडे असतो, आणि असायलाच हवा. समोरचा माणूस बरा करायचा असेल तर हजार निरोगी माणसं मोजत बसायला वेळ कुठून आणणार? ते काम रुग्णांच्या रांगेपासून थोडं बाजूला, पण रुग्णालयाच्या आवारातच व्हायला हवं.

पैशाचा आक्षेप जास्त भारी वाटतो. हालचाल टिपणारी प्रणाली कोटींच्या भाषेत बोलते. श्वासातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राला प्रमाणित वायूंच्या टाक्या लागतात, रोजचं जुळवणं लागतं, ते करणारा माणूस लागतो. तो सोडून गेला की यंत्रावर प्लास्टिकचं आवरण चढतं आणि तपासणी समिती येईल त्या दिवशीच उतरतं. हे सगळं खरं. तरी या विद्येचा इतिहास पाहा. 1927 साली हार्वर्डमध्ये थकव्याची प्रयोगशाळा निघाली ती व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयात, कामगार का थकतो हे कळावं म्हणून. तिथल्या शास्त्रज्ञांनी हूवर धरणाच्या कामावर जाऊन उन्हात पेटके येणाऱ्या मजुरांच्या घामातलं मीठ तपासलं. 1953 साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना जास्त. त्यासाठी लागली ती मुख्यतः कामगारांची नोंदवही आणि चांगला प्रश्न. आपल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन योगक्रिया तपासल्या. त्या काळात निधी काही ओसंडून वाहत नव्हता. प्रश्न आधी आला, यंत्र मागून आलं. आपल्याकडे क्रम उलटतो. क्रीडा विद्यापीठ याच शहरात होणार म्हणून गाजत राहिलं आणि 2020 साली कायदा झाला तो पुण्याच्या बालेवाडीसाठी. इमारतीची वाट पाहणाऱ्यांच्या पदरी असं पडतं.

मराठवाड्याचा प्रश्न कोणता, हे शोधायला लांब जायला नको. दसरा झाला की बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'; उचल आधी घेतलेली, मजुरी टनावर. वाकून बुंध्याशी तोड, पाचट काढणं, मोळी बांधणं, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन तिरप्या फळीवरून ट्रकवर चढणं. केनियातल्या बायका डोक्यावर आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं जवळजवळ जादा शक्ती न खर्चता वाहतात, हे 1986 साली 'नेचर'नं छापलं. नेपाळच्या भारवाहकांवर 2005 साली 'सायन्स'मध्ये लेख आला. फळीवरून चढणाऱ्या कोयत्याच्या बाईचा ऑक्सिजन किती खर्च होतो, कितव्या मोळीला नाडी कुठे पोहोचते, पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर तेच काम शरीराला किती महाग पडतं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली इतका पेटला की शासनाला समिती नेमावी लागली. त्या चर्चेत समाजशास्त्र होतं, अर्थकारण होतं, राजकारण तर होतंच. शरीरावर पडणाऱ्या भाराचा हिशेबही तिथे मांडायला हवा. यावर एक गंभीर आक्षेप येतो: असं मोजमाप मुकादमाच्या हाती पडलं तर तो त्यावरून आणखी काम काढून घेईल. भीती खोटी नाही. पण मजूर आजही मोजला जातोच, टनावर. वजनकाट्यावर ऊस मोजला जातो, बाईचा खर्च झालेला श्वास मोजला जात नाही. आणि जे मोजलं नाही त्याची भरपाई कुणी मागू शकत नाही.

राहिला नोकरीचा मुद्दा, आणि इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाची केंद्रं, क्रीडाविज्ञानाच्या मोजक्या जागा, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतलं श्रमविज्ञान: दरवर्षी साठ पदवीधर बाहेर पडले तर निम्मे बेकार फिरतील. म्हणून पाटी बदलून नवी महागडी पदवी काढण्याला माझा विरोध आहे. आहे त्या एमडीला, फिजिओथेरपीला आणि एमपीएडला एक समाईक प्रयोगशाळा आणि दोन मार्गदर्शकांचा एक प्रबंध, एवढ्यावर सुरुवात होते. निरोगी माणसांची वानवाही नाही. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरचा सराव करणारी मुलं आणि आठशेचा सराव करणाऱ्या मुली मराठवाड्याच्या प्रत्येक गावाच्या रस्त्यावर पहाटे दिसतात. त्यांतल्या कुणाचीही ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता आपल्याला ठाऊक नसते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे धावपटू म्हणून हेरला गेला आणि 2024 साली पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोहोचला. त्याच्याआधी या शर्यतीत एकही भारतीय पुरुष तिथवर गेला नव्हता. गावातच एखाद्या पहाटे कुणी घड्याळ आणि नाडीपट्टी घेऊन उभं असतं, तर असा पोरगा किती आधी सापडला असता, हा प्रश्न 'साई'नं आणि विद्यापीठानं मिळून सोडवायचा आहे.

तेव्हा घाटीतल्या आणि महात्मा गांधी मिशनमधल्या मार्गदर्शकांना एकच विनंती. प्रबंधाचे विषय ठरवायला बसाल तेव्हा फळीवरच्या मोळीचा विषय एका तरी विद्यार्थ्याला द्या, आणि नीतिसमितीची परवानगी दसऱ्याच्या आत हातात पडेल असं पाहा. त्यानंतर टोळ्या निघून जातात.