शस्त्रक्रिया सुईपासूनच सुरू होते

कंबर दुखते म्हणून दवाखान्यात येणाऱ्या शेकडो माणसांत एखाद्याच्याच मणक्यात गाठ निघते, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्या अवयवातला कॅन्सर पसरून आलेली असते. मणक्यातच जन्मलेली गाठ त्याहून विरळ. त्यातली कॉर्डोमा तर वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होते. गर्भात कणा घडताना जो पृष्ठरज्जू असतो, त्याचे मागे राहिलेले अवशेष पुढे कधीतरी, बहुधा पन्नाशी-साठीत, वाढू लागतात. निम्म्याच्या आसपास कॉर्डोमा माकडहाडाच्या लगेच वर, त्रिकास्थीत होतात. बसलं की दुखतं, उभं राहिलं की बरं वाटतं. पुढे बद्धकोष्ठता आणि लघवीची तक्रार सुरू होते. आतड्यातल्या वायूमुळे एक्स-रेत हे हाड धड दिसत नाही, आणि कंबरेचा नेहमीचा एमआरआय कित्येकदा त्रिकास्थीच्या वरच्या भागापाशीच संपतो. मग गादी सरकली असेल, मूळव्याध असेल, असं म्हणण्यात महिने जातात, कधी वर्षंही. हा उशीर वाईटच. पण ही गाठ सावकाश वाढते, त्यामुळे उशिरापेक्षाही मोठं नुकसान ती सापडल्यानंतरच्या घाईत होतं, असं माझं मत आहे. गाठ कसली आहे हे न ठरवताच ती उघडली जाते.

कॉर्डोमा आतून जेलीसारखी लिबलिबीत असते. ती फोडून, खरवडून काढली तर पेशी आजूबाजूला सांडतात आणि तिथेच पुन्हा रुजतात. म्हणून ती भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट, अख्खी, एका तुकड्यात काढावी लागते. ही संधी खऱ्या अर्थाने पहिल्याच शस्त्रक्रियेत मिळते. बायोप्सीची सुई ज्या वाटेने आत गेली, ती वाटही पेशींनी दूषित झाली असं धरून गाठीबरोबर कापून काढायची असते. सीटीच्या टेबलावर हे नीट कळतं. रुग्णाला पालथं झोपवून पाठीवर बारीक तारांची जाळी चिकटवतात; तिच्या रेघा स्कॅनमध्ये उमटतात आणि त्यांवरून कातडीवर पेनने खूण होते. खूण शक्यतो मधल्या रेषेत किंवा तिला अगदी लागून, म्हणजे उद्याचा छेद जिथून जाणार तिथेच. आधी बाहेरची पोकळ सुई गाठीच्या कडेपर्यंत नेतात, मग तिच्या आतून दुसरी सुई फिरून फिरून घालून तुकडे काढतात. तुकडे चार, पण वाट एकच. त्रिकास्थीतली मोठी गाठ गुदद्वारातून बोटाला लागते, आणि तिकडून सुई घालणं सर्वांत सोपं वाटतं. पण तसं केलं तर गुदाशयाचा तो भागही काढण्याची पाळी येऊ शकते. सुई कुठून जावी हे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावं, हा माझा आग्रह एवढ्यासाठी आहे.

या आग्रहाला जुना पुरावा आहे. अमेरिकेत हेन्री मँकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या गाठी झालेल्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. सुमारे १८ टक्क्यांमध्ये निदानाच्या मोठ्या चुका निघाल्या, आणि १५ जणांचा हात किंवा पाय केवळ चुकीच्या बायोप्सीमुळे कापावा लागला होता. बायोप्सी उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी रुग्ण पाठवणाऱ्या रुग्णालयात झाली असेल, तर चुकांचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त होतं. १९९६ मध्ये ५९७ रुग्णांवर हीच पाहणी पुन्हा झाली. आकडे जवळपास तेच राहिले. हे अभ्यास फक्त मणक्याचे नव्हते, हे खरं. पण हात किंवा पाय निदान कापता तरी येतो. मणक्याला तो शेवटचा उपायही नाही, म्हणून तिथे काळजी अधिकच हवी.

आपल्याकडचा सर्वांत वजनदार आक्षेप क्षयाचा आहे. मणक्याचा टीबी इथे इतका आढळतो की एमआरआयमध्ये हाड खाल्लेलं दिसलं की एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करणं अनेक डॉक्टरांना रास्त वाटतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं. टीबी बहुधा गादीशेजारून सुरू होऊन गादीलाही खातो, गाठ सहसा गादी सोडून देते, असा ठोकताळाही आहे. पण कॉर्डोमा कधी कधी गादी ओलांडून शेजारच्या मणक्यात शिरते, आणि काही वेळा टीबी गादीला हातही लावत नाही. शिवाय बायोप्सी टीबीच्या उपचाराच्या आड येत नाही, उलट औषधाला दाद न देणारा टीबी तिच्यातूनच कळतो. तुकडे दोन बाटल्यांत गेले पाहिजेत, एवढीच दक्षता हवी: एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरी सलाइनमध्ये जीन एक्स्पर्ट या टीबीच्या चाचणीसाठी आणि कल्चरसाठी. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर हातचं जातं. ही साधी गोष्ट आहे, पण नमुना घेण्याआधी ठरलेली नसेल तर राहून जाते.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती नातेवाइकांच्या तोंडी नेहमी असते. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. कॉर्डोमात आणि कूर्चेच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर गाठ पुन्हा आल्याची उदाहरणं आहेत. पण त्यावर उपाय ती वाट काढून टाकण्याचा आहे, बायोप्सी टाळण्याचा नव्हे. कारण सगळ्याच गाठींना सुरी लागत नाही. प्लाझ्मासायटोमा रेडिएशनने आटोक्यात येतो, लिंफोमा मुख्यतः औषधांनी, आणि युइंग सार्कोमात आधी केमोथेरपी द्यायची असते. पोराटोरांच्या पाठीत रात्री ठणकणारी ऑस्टिऑइड ऑस्टिओमा तर कित्येकदा सुईच्या टोकाने उष्णता देऊनच संपते. स्कॅनवर यातल्या काही एकमेकींसारख्या दिसतात. कॉर्डोमातल्या बुडबुड्यांनी भरलेल्या पेशी पॅथॉलॉजिस्ट फिर्शोने १८५७ मध्येच पाहिल्या होत्या, पण कॉर्डोमाची खात्रीची खूण, ब्रॅक्युरी हे प्रथिन, २००६ मध्ये हाती आली. ती पाहायला तुकडाच लागतो.

आणि रुग्णाला शस्त्रक्रियेची किंमत सांगायची, तर निदान पक्कंच हवं. त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या जोडीच्या दोन्ही नसा गेल्या तर लघवी-संडासवरचा ताबा बहुधा कायमचा जातो. तिसऱ्या जोडीपर्यंतच्या वाचल्या तर तो बहुतांशी टिकतो. नसा वाचवून गाठ थोडी मागे ठेवायची आणि मग प्रोटॉन किरणं द्यायची, की सगळं काढून आयुष्यभर कॅथेटर स्वीकारायचा, हे त्या माणसाने ठरवायचं असतं. प्रोटॉनची सोय आता टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातही आहे.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. पायांतली ताकद तासातासाला जात असेल तर मेरुरज्जूवरचा दाब आधी काढावाच लागतो. तरीही दाब काढताना निघालेला प्रत्येक तुकडा तपासणीला जावा, आणि शक्य असेल तिथे नमुना घेईपर्यंत स्टिरॉइड थांबवावं, कारण लिंफोमा त्याने विरघळून निदानच पुसलं जाऊ शकतं. बाकीच्यांना दोन-तीन आठवडे थांबणं बहुधा परवडतं. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाने पहिल्याच दिवशी मुंबई गाठायला हवी असंही नाही. एमआरआयची सीडी पुढे जाऊ शकते, आणि बायोप्सी आधीच झाली असेल तर स्लाइड व मेणाचे ब्लॉकही. सुई नेमकी कुठून घातली, हे एका ओळीत लिहून कातडीवरच्या खुणेचा फोटो सोबत जोडला, तर पुढच्या सर्जनला ती वाट शोधत बसावं लागत नाही.